‘सेंद्रिय’ मासा : शिक्का कशाचा, जादा पैसे कशाचे?

कॅम्प नं. ३ मध्ये राहणारी आपली कुटुंबे बांगडा, तारली, मांदेली खातात, तसेच तळ्यात वाढवलेले रोहू-कटलाही खातात. यातला एखादा मासा कुणी ‘सेंद्रिय’ म्हणून जादा भावाने विकू लागला, तर त्या शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत हवा.

सेंद्रिय हा शिक्का मासा कसा वाढवला याचा असतो. समुद्रातला बांगडा कुणी पाळत नाही. तो काय खातो, कुठे फिरतो यावर कुणाची देखरेख नसते. म्हणून युरोपच्या नियमांनुसार समुद्रात पकडलेल्या मासळीला सेंद्रिय म्हणता येत नाही. तिथे हा शिक्का फक्त पाळलेल्या माशाला मिळतो.

नियम काय सांगतात?

आपल्या देशात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात मत्स्यशेतीचाही समावेश आहे. नियमांचा गाभा असा : तळ्याचे पाणी सांडपाण्यापासून सुरक्षित असावे, मासे दाटीवाटीने कोंबू नयेत, खाद्य नियमात बसणारे असावे, वाढीसाठी हार्मोन वा अँटिबायोटिक देऊ नये. मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते, मगच प्रमाणपत्र मिळते.

अँटिबायोटिकचा असा वापर वाढला की जंतू औषधाला दाद देत नाहीत. मग माणूस आजारी पडल्यावर तेच औषध लागू पडत नाही.

पाण्याची अट का आहे, हे उल्हासनगरकरांना वेगळे सांगायला नको. २०१४ साली वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. कारखान्याच्या सांडपाण्यातले पारा, शिसे यांसारखे धातू माशाच्या अंगात साठतात. धुऊन किंवा शिजवून ते जात नाहीत. म्हणून वालधुनीतला किंवा नाल्यातला मासा फुकट मिळाला तरी घरात आणू नका. गरोदर बाई आणि लहान मुले यांना तर तो मुळीच देऊ नका.

शिक्का कसा ओळखायचा?

सेंद्रिय अन्नाचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाहा. सोबत ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस-इंडिया’ची खूणही असते. नुसती पाटी किंवा विक्रेत्याचा शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

शिक्का काय सांगत नाही?

मासा ताजा आहे की नाही, हे शिक्का सांगत नाही. सेंद्रिय मासाही बर्फाविना ठेवला तर नासतो. कल्ले लाल, डोळे स्वच्छ व फुगीर, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, आणि उग्र वास नाही, ही ताज्या माशाची लक्षणे. मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरणे बेकायदा आहे. २०१८ साली त्याच संशयावरून गोवा सरकारने बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती.

थाई मांगूर पाळायला आणि विकायला देशात बंदी आहे. तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

अंगाला लागणारी प्रथिने साध्या ताज्या रोहूत आणि सेंद्रिय रोहूत जवळपास सारखीच असतात. तारलीसारखी स्वस्त मासळीही तितकीच पौष्टिक. तेव्हा शिक्का परवडत नाही म्हणून मुलांच्या ताटातला मासा कमी करू नका.

शिक्का नसताना ‘सेंद्रिय’ म्हणून जादा पैसे घेतले, तर पावती मागा, पाकीट जपून ठेवा आणि ठाण्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. बाजारात फसवले गेल्यास दाद मागणे हा ग्राहक म्हणून आपला हक्क आहे.