चंद्र एक, पंचांगं दोन

शेजारचं जग : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण भेटीगाठींच्या रीती पाहिल्या. हात कुठे पुढे करायचा, कुठे छातीवर ठेवायचा, वगैरे. आज त्याच्या एक पायरी अलीकडचं. परक्या माणसाशी काय बोलावं याचे धडे पुष्कळ मिळतात. कधी बोलावं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते त्याच्या पंचांगात असतं आणि दुसऱ्याचं पंचांग आपण सहसा उघडत नाही. ते ज्यांना उघडावंच लागलं, अशा एका गावात आज जाऊ.

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ कुरुंदवाड आहे. पटवर्धनांचं जुनं संस्थान. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर इथलेच. नरसोबाच्या वाडीला जाणारे पुष्कळ लोक गावाची पाटी वाचून पुढे जातात. गणेशोत्सवात मात्र पत्रकार मुद्दाम इथे येतात, कारण इथल्या पाच मशिदींत गणपती बसतो: कुडेखान बडेनालसाब, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना मशीद. २०१८ आणि २०१९ साली तर एकाच छताखाली एकीकडे मोहरमचे पंजे आणि दुसरीकडे गणपती, अशी छायाचित्रं सगळीकडे छापून आली. त्याखाली ‘ऐक्याचं प्रतीक’ वगैरे लिहिलेलं होतं. मला या शब्दांचा कंटाळा आहे. प्रतीक म्हटलं की पुढचं विचारायचं कारणच उरत नाही, आणि इथे विचारण्यासारखं बरंच आहे.

पहिला प्रश्न: हे दोन सण एकत्र आलेच कसे?

दोन्ही सण चंद्रावर चालतात. बारा चांद्रमास मिळून साधारण ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. आपल्या पंचांगकर्त्यांनी ती भरून काढायला अधिकमास घातला, जो सुमारे ३२-३३ महिन्यांनी येतो. म्हणून गणपती कधी ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरच्या मध्यावर येतो, पण पावसाळ्याची शेपटी सोडत नाही. इस्लामने अधिक महिना पूर्ण वर्ज्य केला. त्यामुळे हिजरी वर्षातले सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. ज्याने थंडीतला रमजान पाहिला, त्याला उन्हाळ्यातलाही पाहावा लागतो.

आता हे फिरतं चाक भाद्रपदाशी कधी जुळतं ते पाहा. २०१८ साली अधिक ज्येष्ठ झाला आणि त्या वर्षी मोहरम भाद्रपदावर येऊन बसला. पुढचा अधिकमास २०२० च्या आश्विनात, म्हणजे गणपती उठून गेल्यावर. मधल्या काळात दोन्ही पंचांगं हातात हात घालून मागे सरकली. २०१८, २०१९, २०२०, तिन्ही वर्षी आपल्याकडे मोहरमच्या दुसऱ्या तारखेला गणेश चतुर्थी आली, दहाव्या तारखेला आशुरा आणि त्यानंतर दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. हा योगायोग म्हणावा तर फार शिस्तीचा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, मुसलमानांचा महिना त्यानंतरची कोर दिसली की सुरू होतो. महिने जुळले की तारखा जुळणारच. याआधी हेच १९८५ ते १९८७ या तीन वर्षांत घडलं होतं. आता २०५० च्या सुमारास पुन्हा.

म्हणजे गावातल्या एका पिढीला हे एकदा सांभाळावं लागतं आणि मग ती सगळी माहिती तीस वर्षं पडून राहते. तरीही ती हरवत नाही. कारण दक्षिण महाराष्ट्रात मोहरम फक्त मुसलमानांचा कधीच नव्हता. पीराला नवस बोलणारी, पोरांना फकीर करणारी, पंजांपुढे ऊद घालणारी हिंदू घरं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आजही आहेत. चोंगे कुणाकडे होणार आणि मोदक कुणाकडे, हे आळीत कुणाला विचारावं लागत नाही. “आवंदा पीर आन् गणपती एकदमच हाईत,” एवढं वाक्य पुरतं. त्यातच पुढची कामं आली: हलगी-ताशा कधी वाजवायचा, आरती कधी, फातेहा कधी, खत्तलरात्रीला, म्हणजे आशुराच्या आदल्या रात्री, रस्ता कुणाचा. २०१९ साली तर ऑगस्टच्या महापुराला महिनाही झाला नव्हता. शिरोळ तालुक्यातली घरं अजून चिखलातून वर येत होती, आणि १ सप्टेंबरला मोहरम लागला, दुसऱ्या दिवशी गणपती.

इथे एक अवघड गोष्टही बोलायला हवी. मूर्ती आणि मशीद यांचं शास्त्राने जमत नाही. पंजे आणि ताबूत हेच अनेक सुधारणावादी मुसलमानांना मान्य नाहीत, मग गणपतीची गोष्टच सोडा. दुसऱ्या बाजूलाही नाकं मुरडणारे आहेत. हा सगळा वाद धर्मग्रंथ उघडून सोडवायला बसलं असतं, तर एकही मूर्ती आत गेली नसती. कुरुंदवाडसारखी गावं तो वाद सोडवत नाहीत, बाजूला ठेवतात. तुमची श्रद्धा मला पटते का, हा प्रश्न न विचारता तुमचा दिवस कोणता आणि त्या दिवशी काय चालत नाही, एवढंच ती विचारतात. बाहेरच्या अभ्यासकाला हे उथळ वाटेल. मला ते शहाणपणाचं वाटतं.

मात्र तारीख कळली म्हणजे सणाचा भाव कळला असं नाही. आशुरा म्हणजे इ. स. ६८० मध्ये करबल्याला इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस. शियांसाठी तो शोकाचा. सुन्नींत पुष्कळ जण त्या दिवशी रोजा धरतात. दक्षिणेत त्याला ढोल-ताशांची, सोंगांची, सरबताची जोड मिळाली, म्हणून आपल्याला तो उत्सव वाटतो. आणि मग मोबाईलवर रंगीत फुलांसह ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ निघतात. लखनौच्या किंवा इराणच्या माणसाला असा संदेश पाठवून पाहा. उत्तर आलं नाही तर कारण शोधायला लांब जाऊ नका.

तारखा सांभाळायचं हे काम गावापुरतं राहिलं नाही. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्या. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लीम संघटनांनी आपले जुलूस पुढे ढकलले आणि सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला हलवली. २०२४ आणि २०२५ मध्येही ईद विसर्जनाच्या आदल्या दिवशी आली आणि मुंबईत सुट्टी पुन्हा पुढे गेली. गणित तेच. २०२३ ला अधिक श्रावण झाला, की लागली तीन वर्षांची रांग.

इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने चीनमधून यंत्राचे भाग मागवले, तर त्याला हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने भेटते. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी येतं आणि त्या सुमारास कारखाने बंद असतात. उत्तर येत नाही म्हणून रोज फोन करणारा माणूस उगाच वाईटपणा घेतो. दुबईत रमजानमध्ये कामाचे तास कायद्यानेच दोनांनी कमी होतात. तिथल्या गिऱ्हाईकाला संध्याकाळी इफ्तारच्या तोंडावर फोन लावणारा विक्रेता कितीही नम्र असला तरी नम्रतेचा उपयोग नाही. आणि उलटही खरं आहे. आपल्या कंपनीतल्या जर्मन साहेबाला चतुर्थीच्या सकाळी निम्मं ऑफिस रिकामं का, हे आपण आधी सांगितलेलं असतं का? न्यू यॉर्कच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळण्यासाठी तिथल्या भारतीयांना वर्षानुवर्षं आपलं पंचांग समजावून सांगावं लागलं. कायदा झाला तो २०२३ मध्ये.

मराठीत या विषयाचा आणखी एक मोठा जुना दाखला आहे: कोकणातले बेने इस्राएल. हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचंही पंचांग चांद्र, पण त्यात १९ वर्षांत सात अधिक महिने येतात. म्हणजे प्रमाण जवळजवळ आपल्यासारखंच. म्हणून त्यांचा पुरीम बहुतेक वर्षी आपल्या फाल्गुनी पौर्णिमेजवळच येतो आणि ते त्याला होळीचा सण म्हणत. नववर्ष तो नव्याचा सण, कडक उपवासाचा योम किप्पूर तो दारफाळणीचा सण. शेजाऱ्याला तीस-तीस वर्षांनी भेटणारा मोहरम आणि बहुतेक वर्षी शेजारीच येणारा पुरीम, या दोन्हींशी एकाच कोकणी गावाला जमवून घ्यावं लागत होतं. अलिबाग-पेणकडच्या जुन्या घरांत या आठवणी सापडतात.

पुढच्या लेखांकात पंगतीला बसू. दुसऱ्याच्या ताटातलं काय नाकारता येतं आणि ते कसं नाकारावं, हे तिथे पाहायचं आहे.