रद्दीच्या काट्यावरचा रेडिओ

जुनी नाणी जमवणारे, जुनी तिकिटं जमवणारे लोक आपल्या सगळ्यांच्या माहितीतले असतात. जुन्या दिवाळी अंकांचे शौकीनही असतात. मी स्वतः त्यांतलाच. पण रेडिओच्या मासिकांचे जुने अंक जमवणारे आणि त्यांची अदलाबदल करणारे गृहस्थ मला भेटले ते जुन्या जालन्यात. ते रेडिओ दुरुस्त करायचे. मी बी.ए. झालेला, म्हणून त्यांची इंग्रजी पत्रं लिहून देण्याचं काम माझ्याकडं आलं. पंचवीस वर्षं ती पत्रं लिहिता लिहिता या छंदाची जी ओळख झाली, ती तुम्हांला करून द्यावी म्हणतो.

ही मासिकं म्हणजे आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिका नव्हेत. ती 'हॅम' लोकांची. घरच्या बिनतारी यंत्रावरून दुसऱ्या हौशी माणसाशी बोलतो, तो हॅम. त्याला केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्याबरोबर खुणेचं नाव मिळतं. आपल्याकडं ते बहुधा व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्री असं सुरू होतं. त्यानं गाणी लावायची नाहीत, धंदा करायचा नाही. मग उपयोग काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा निरोप पोहोचवायला हेच हौशी लोक यंत्रं घेऊन धावले होते. मराठवाड्याला याहून वेगळा दाखला नको.

या मासिकांची नावंच मला कवितेसारखी वाटतात. अमेरिकेतलं 'क्यूएसटी' डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालं आणि आजही निघतं. तारेच्या भाषेत क्यूएसटी म्हणजे 'सर्वांसाठी निरोप'. 'सीक्यू' १९४५ चं. सीक्यू म्हणजे 'कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या'. १९६० मध्ये वेन ग्रीन यांनी 'सेव्हंटी थ्री' काढलं, ते २००३ पर्यंत चाललं. निरोप घेताना हॅम त्र्याहत्तर हा आकडा पाठवतात. त्याचा अर्थ 'मनापासून शुभेच्छा'. आणि बोलणं झाल्यावर टपालानं जे कार्ड येतं ते 'क्यूएसएल', म्हणजे 'तुमचं ऐकू आलं' याची पावती. मुशायऱ्यात शायराला दाद हवी असते, तसंच हे.

आता जुना अंक कशाला हवा? पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. यंत्र कसं बांधायचं, हे या अंकांत आकृतीसह छापलेलं असतं. मोठं यंत्र असेल तर लेख दोन-तीन अंकांत विभागलेला. मार्चचा अंक आहे आणि एप्रिलचा नाही, म्हणजे अर्धंच यंत्र! शिवाय आकृतीत चूक राहिली तर दुरुस्ती पुढच्या एखाद्या अंकात येते. 'क्यूएसटी'त तर तिचं 'फीडबॅक' नावाचं सदरच असतं. ती दुरुस्ती ज्याच्याजवळ नाही, त्यानं काळजीपूर्वक जोडलेलं यंत्रही मुकं राहतं.

म्हणून देवाणघेवाणीचे काही रिवाज पडले. आधी 'हवेत' आणि 'जास्तीचे आहेत' अशा दोन याद्या करायच्या. अंकाला अंक द्यायचा. पैसे शक्यतो टपालखर्चापुरते. मुखपृष्ठ आहे का, पानं कापलेली आहेत का, कसर लागली आहे का, हे न विचारता आधीच कळवायचं. बांधीव वर्षसंच फोडायचा नाही. आमच्या गृहस्थांनी अंक पत्र्याच्या ट्रंकेत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवलेत. मुंबईची दमट हवा कागदाला बुरशी लावते. आपली कोरडी हवा त्यापेक्षा बरी, पण उन्हाळ्यात कागद कडक होऊन कडा मोडतात. म्हणून ट्रंक पत्र्याखाली नव्हे, माळवदाखाली.

दुसरं कारण मला उशिरा कळलं. हे सगळं आता इंटरनेटवर आहे. 'सेव्हंटी थ्री'चे जवळजवळ सगळे अंक फुकट वाचता येतात. एकदा मी विचारलं, "दादा, मग या ट्रंका कशाला?" त्यांनी साठच्या दशकातला एक अंक उघडून माझ्यासमोर ठेवला. समासात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. "शायरसाहेब, छापलेलं सोडा, हे वाचा."

ते आकडे ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे होते. अमेरिकेत घरातली वीज साधारण ११५ व्होल्ट आणि ६० सायकलची. आपली २३० व्होल्ट आणि ५० सायकलची. त्यांच्या मापानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडं जळणार. व्होल्टेज जमवलं तरी ६० सायकलसाठी बेतलेला ५० वर जास्त तापतो, म्हणून वेढे वाढवावे लागतात. कुणीतरी तो हिशेब मांडला होता. खाली मराठीत लिहिलं होतं : 'फॉर्मर मिळाला नाही, पाइपचा तुकडा वापरला. चालतं.' आणखी खाली, वेगळ्या अक्षरात : 'मी बांधलं. गरम होत नाही.'

त्या काळी परकीय चलनाची टंचाई होती, परदेशी मासिकाची वर्गणी भरणं सोपं नव्हतं. बोटीनं आलेला एक अंक या गावाहून त्या गावाला फिरायचा. वाचणारा समासात आपला अनुभव लिहायचा आणि अंक पुढं पाठवायचा. अमेरिकेतल्या ग्रंथालयातल्या कोऱ्या प्रतीवरून केलेल्या इंटरनेटवरच्या प्रतीत हा समास कुठून येणार? आपल्या माणसांनी, आपल्या विजेवर, आपल्या बाजारातल्या सामानानं यंत्रं कशी चालवली, हे ज्ञान बरंचसं त्या पेन्सिलीतच आहे. त्याचं वेगळं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि ते किलोवर विकलं जातं. एक हॅम वारल्याचं कळल्यावर आम्ही परभणीकडच्या एका गावी गेलो होतो. घरच्यांनी आदरानं चहा दिला आणि सांगितलं की, खोली रिकामी करायची होती, आठवड्यापूर्वीच रद्दीवाला येऊन गेला. त्यांना दोष कसा द्यायचा? बाहेरच्याला ती जुन्या इंग्रजी कागदांची चवड. माळ्यावर राहिलेले सात अंक त्यांनी आम्हांला दिले. चारांच्या समासात अक्षर होतं.

आमचे दादा आता सत्तरीपुढं आहेत. मुलं पुण्याला. ट्रंका कुणाला द्यायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. सध्या दर शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडं जातो. ज्या पानावर पेन्सिल आहे, तेवढ्याच पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. अंकाचा महिना-वर्ष आणि पानाचा क्रमांक वहीत टिपतो. दोन ट्रंका झाल्या, तीन राहिल्यात.

तुमच्या घरी, शेजारी कुणी रेडिओचे शौकीन होऊन गेले असतील, तर अंक काट्यावर चढवण्याआधी एकदा पानं चाळा. छापलेलं कळलं नाही तरी हरकत नाही. समास पाहा. तिथं काही लिहिलेलं दिसलं, तर तेवढा अंक बाजूला काढून ठेवा आणि एखाद्या हॅमला कळवा. तो नक्की येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)