बॅटरी खाणारी विसरलेली नोंद

काही काम चालू नाही, लॅपटॉप नुसता टेबलावर पडून आहे, तरी बॅटरी भराभर उतरते. दोष दर वेळी बॅटरीचाच असतो असे नाही.

कॅमेरा, वायफाय, साउंड कार्ड अशा प्रत्येक भागामागे ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम असतो. काम नसताना त्या भागाला झोपवणे हेही त्याचेच काम. लिनक्समध्ये त्यासाठी मोजणी असते. भाग वापरायला घेतला की आकडा एकने वाढतो, काम झाले की एकने उतरतो. शून्यावर आला की भाग झोपू शकतो. सभागृहाच्या किल्लीच्या वहीसारखेच हे: परतीची नोंद राहिली, तर सभागृह रिकामे असूनही वापरात दिसते.

गोम अशी की, भागाला जागे करणाऱ्या जुन्या फंक्शनमध्ये प्रयत्न फसला तरी आकडा वाढलेलाच राही. तो उतरवायला कित्येक ड्रायव्हर विसरत. म्हणून डिसेंबर २०२० च्या लिनक्स ५.१० मध्ये नवे फंक्शन आले. प्रयत्न फसल्यास ते आकडा स्वतःच उतरवते.

तेव्हा नवी बॅटरी घेण्याआधी सिस्टिम अपडेट करून पाहा. लिनक्स वापरत असाल, तर ‘पॉवरटॉप’ चालवून कोणता भाग विनाकारण जागा आहे तेही तपासा.