अस्सल चित्राची ओळख भिंगाखाली

दिवाणखान्यात पिढ्यान्‌पिढ्या टांगलेले शिकारीचे चित्र मोठ्या आशेने जाणकाराकडे न्यावे आणि ते विमा कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचे पान निघावे, असा अनुभव अमेरिकेत नवा नाही. ‘करियर अँड आइव्ज’च्या चित्रांची विसाव्या शतकात इतकी पुनर्मुद्रणे झाली, की अस्सल प्रत ओळखणे हीच संग्राहकाची पहिली परीक्षा ठरते.

नथॅनिएल करियर यांनी १८३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शिळाछाप चित्रांचा व्यवसाय सुरू केला. १८५७ मध्ये जेम्स मेरिट आइव्ज भागीदार झाले. १९०७ मध्ये गाशा गुंडाळेपर्यंत या पेढीने सात हजारांहून अधिक चित्रे काढली. लहान चित्र तेव्हा काही सेंटांत मिळे. क्रीडाचित्रांत आर्थर टेट यांची शिकारदृश्ये, लुई मॉरर यांचे दुडक्या चालीचे शर्यती घोडे आणि होबोकेन येथील बेसबॉल सामन्याचे १८६६ मधील चित्र प्रसिद्ध आहे. टेट यांच्या ‘अ टाइट फिक्स’मध्ये (१८६१) बर्फात चवताळलेले अस्वल शिकाऱ्यावर चालून आले आहे आणि मागे साथीदार बंदूक रोखून उभा आहे. संग्राहकांचा जीव अडकतो तो या चित्रात.

रविवर्मा छापखान्याच्या चित्रांत रंगांसाठी वेगवेगळे दगड वापरले जात. येथे मात्र दगडावरून बहुधा काळी रेषाच उमटे. मग लांब टेबलाशी बसलेल्या स्त्रिया नमुना समोर ठेवून रंग भरत. एकीने एकच रंग द्यायचा आणि कागद पुढे सरकवायचा. घाईच्या या कामात रंग रेषेबाहेर जाई, कुठे दाट तर कुठे फिका उतरे. आज हाच ओबडधोबडपणा मोलाचा ठरला आहे. भिंगाखाली अस्सल चित्रात दगडाच्या पोताची अनियमित रवाळ रेषा दिसते. यांत्रिक पुनर्मुद्रणात एकसारख्या ठिपक्यांची जाळी. उत्तरार्धातील काही चित्रे रंगीत छापलेलीही आहेत, त्यामुळे हाताचा रंग नाही म्हणून चित्र लगेच खोटे ठरवता येत नाही. सूचिग्रंथातील मापाशी ताडून पाहणे हा त्यावरचा उपाय.

अस्सल प्रतीचेही हाल झालेले असतात. चौकटीत बसवण्यासाठी समास कापलेला असला, की किंमत बरीच घसरते. मागच्या आम्लयुक्त पुठ्ठ्याने कागद तपकिरी पडतो, उन्हाने रंग उडतात. हे सारे काचेआडून नीट दिसत नाही. म्हणूनच अनुभवी ग्राहक चित्र चौकटीबाहेर काढल्याखेरीज किमतीची बोलणी सुरू करत नाहीत.