ताप उतरला तरी पायाकडे लक्ष ठेवा

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपला नंदुरबार जिल्हा देशभर चर्चेत आला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी लाट येण्याआधीच ऑक्सिजन प्रकल्प उभे केले होते. पण ऑक्सिजन निघाला, माणूस घरी आला, की आजार संपला असे आपण धरून चाललो. तो तिथे संपतोच असे नाही.

कोविडचा विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही सूज आणतो. त्यामुळे रक्त लवकर गोठते. त्यात माणूस आठ-दहा दिवस खाटेवर, पाणीही कमी प्यालेला. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पडून राहिले की ते काम मंदावते आणि पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते. स्वीडनमध्ये कोविड झालेल्या १० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पायातील गुठळीचा वाढलेला धोका ३ महिने आणि फुप्फुसातील गुठळीचा ६ महिने दिसला. जास्त आजारी पडलेल्यांना धोका जास्त, पण घरीच बरे झालेलेही त्यातून पूर्ण सुटलेले नव्हते. जोरदार फ्लूनंतरही असे होऊ शकते.

ही लक्षणे ओळखा

- एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, तो भाग गरम किंवा लालसर होणे.
- अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर.
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.

पहिले लक्षण दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकीच्यांसाठी लगेच १०८ ला फोन करा.

आपल्या बस्तीत सुजलेल्या पायाला 'वात आहे' म्हणून तेल लावून चोळतात. असा पाय चोळू नका, गुठळी सुटू शकते. अंगारा-दोऱ्यात दिवस घालवू नका. रक्त पातळ करायची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. अशा तापात ॲस्पिरिन घेतली तर घात होतो. कोणता ताप होता, हे डॉक्टरांना सांगा.

ऊसतोडीला गुजरातकडे जाणाऱ्यांनी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी तासन्‌तास एकाच जागी बसू नये. नुकतेच आजारातून उठला असाल तर दर तासा-दोन तासांनी उठून चाला, घोटे फिरवा, पाणी प्या. लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. भगिनींनो, तसे करू नका.

गर्भवती, नुकती बाळंतीण आणि माला-एन किंवा माला-डी गोळी घेणारी बाई यांना गुठळीचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. सिकलसेल आपल्या आदिवासी शेजाऱ्यांत आढळतो, तसा बौद्ध समाजातही आढळतो. त्यातही रक्त गोठण्याचा धोका वाढतो. सिकलसेलचे कार्ड असेल तर दवाखान्यात जाताना बरोबर न्या.

दवाखान्यात गप्प उभे राहू नका. 'महिन्यापूर्वी कोविड झाला होता, आता एकच पाय सुजलाय, गुठळी आहे का?' असे स्पष्ट विचारा. पायाची डॉपलर सोनोग्राफी केली की बहुतेक वेळा उलगडा होतो. तळोद्यात ती होत नसेल तर नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयासाठी लेखी चिठ्ठी मागा. वेळेवर कळले तर यावर औषध आहे. ते सुरू झाल्यावर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

आजारी भिक्खू एकटा पडलेला पाहून तथागतांनी आनंदांसोबत स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ताप असताना आपणही एकमेकांना विचारतो, पण ताप उतरला की विचारणे थांबते. पुढचे तीन महिने तरी ते चालू ठेवू. वंदनेला विहारात जमल्यावर, आजारातून उठलेल्या माणसाला एवढेच विचारा: 'पाय सुजला नाही ना? धाप लागत नाही ना?'

जय भीम.