वजनकाट्याला न दिसणारी चरबी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ, पण आत चरबी साठलेली, अशा भारतीय देहाची ओळख त्या एका चित्राने जगाला करून दिली.

ही चरबी नुसती साठून राहत नाही. लठ्ठ उंदरांच्या चरबीत ‘टीएनएफ-अल्फा’ हे दाह वाढवणारे रसायन तयार होते, हे १९९३ साली सिद्ध झाले. त्याच चरबीत रोगप्रतिकाराच्या भक्षकपेशी गर्दी करतात, हे २००३ साली दिसले. राखेखालच्या निखाऱ्यासारखा हा दाह सतत धुमसत राहतो आणि खरा जंतू आला की प्रतिकार उशिरा जागा होतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात उंदरांना चरबीयुक्त आहार देऊन लठ्ठ केले आणि त्यांना फ्लूचा संसर्ग दिला. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लठ्ठ उंदरांपैकी ४२ टक्के दगावले, बारीक उंदरांपैकी ५.५ टक्के.

व्यायामाने यात काय फरक पडतो? इलिनॉय विद्यापीठातील २००५ सालच्या प्रयोगात फ्लू झालेल्या उंदरांना सुरुवातीचे काही दिवस रोज २०-३० मिनिटे बेताने पळवले. त्यातले ८२ टक्के जगले. पिंजऱ्यात बसून राहिलेल्यांपैकी ४३ टक्के वाचले, तर अडीच तास पळवलेल्यांपैकी फक्त ३० टक्के. आयोवातील २०१५ सालच्या अभ्यासात नियमित व्यायामाचा लाभ लठ्ठ उंदरांनाही झाला, मात्र तो बारीक उंदरांपेक्षा वेगळ्या मार्गाने. म्हणजे बेताची हालचाल उपयोगी, दमछाक घातक.

उंदरावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढताना जपून राहावे लागते. प्रयोगशाळेची खोली साधारण २२ अंशांची असते. उंदराला सोयीचे तापमान ३० अंशांच्या आसपास, त्यामुळे ऊब टिकवण्यातच त्याची बरीच ऊर्जा खर्ची पडते. शिवाय ताप आलेल्या माणसाने पळावे, असा सल्ला या प्रयोगातून निघत नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांचा आहे. त्यात याज्ञिकही होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात मोठ्या जातीचे, विस्टार उंदीर ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. त्यांची पिल्ले कमी वजनाची जन्मत, तरी पोटातील चरबी जास्त असे. मधुमेह होण्याची शक्यता आठपट वाढली होती. पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घालूनही हे दोष गेले नाहीत.

महाराष्ट्रातील कितीतरी घरांत आजी-आजोबांनी १९७२च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली आहे. त्यांची नातवंडे आज मीरा रोड-भाईंदरच्या इमारतींत राहतात, कोपऱ्यावरचा वडापाव खात लोकल गाठतात आणि दिवसभर खुर्चीत बसतात. उपासमार मागे पडली, पण तिचा ठसा शरीरावर राहिला असेल, तर जास्तीचे अन्न आणि कमी हालचाल आपल्याला दुप्पट महागात पडते.

म्हणून हा प्रश्न केवळ ज्याच्या-त्याच्या मनोनिग्रहाचा नाही. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. खाडी, मिठागरे आणि उत्तनचा किनारा लाभलेल्या या शहरात प्रत्येक वस्तीला चालण्याजोगा पदपथ आणि मुलांना खेळायला मैदान हवे. महापालिकेने त्यावर होणारा खर्च आरोग्यखर्च म्हणूनच धरावा. आपणही काट्यावरचा आकडा उतरण्याची वाट पाहू नये. वजन तेवढेच राहिले तरी रोजचे अर्ध्या तासाचे चालणे वाया जात नाही.