सुटलेल्या आखाड्याकडे परतताना : व्यायामशक्तीचा विचार

तारुण्यात कुस्ती, ज्यूदो, कराटे किंवा लाठी शिकलेला मनुष्य नोकरी, संसार आणि दुकान यांत गुंततो व पंधरा-वीस वर्षे आखाड्याचे तोंड पाहत नाही. पुढे चाळिशी उलटल्यावर मेदोवृद्धी दिसू लागते किंवा मुलगा तालमीत जाऊ लागतो, आणि जुनी ओढ जागी होते. असा मनुष्य वैद्याकडे येऊन विचारतो, "पुन्हा सुरू करू का? आणि करायचे तर तेच करू, की दुसरे काही?"

या प्रश्नाला आपण बहुधा दोनपैकी एक उत्तर देतो. एक, "आता वय झाले, सकाळी फिरायला जा." दुसरे, "उत्तम विचार आहे, पण हळूहळू करा." पहिल्या उत्तराने रुग्णाचा उत्साह मावळतो. दुसऱ्याने त्याला काहीच सांगितले जात नाही, कारण 'हळूहळू' म्हणजे किती, हे त्याला कळत नाही आणि आपणही सांगितलेले नसते. हे दुसरे उत्तर आम्हीच एकदा दिले होते. त्याचा परिणाम सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी चव्वेचाळीस वर्षांचे एक दुकानदार आमच्याकडे आले. विशीत त्यांनी कोल्हापूरकडील तालमीत पाच वर्षे माती अंगाला लावलेली होती. संहनन उत्तम, मांसधातू सारवान, अग्नी चांगला. रक्तदाब व रक्तातील साखर प्राकृत. पूर्वीचा पैलवान म्हणजे व्यायाम सात्म्यच, असे आम्ही गृहीत धरले. अभ्यंगासाठी महानारायण तेल, सोबत अश्वगंधा चूर्ण आणि "बेताने करा" एवढा उपदेश देऊन आम्ही त्यांची पाठवणी केली.

पहिला आठवडा जोर-बैठकांत गेला. डाव हाताला आठवू लागले, अंगात जुना आवेश आला. दहाव्या दिवशी एका विशीतल्या मुलाशी त्यांची जोड लावली गेली. मुलाने पट काढला. यांनी सवयीने पाय मातीत रोवला आणि अंग फिरवले. डाव बरोबर होता, पण गुडघा पिळवटला आणि आतील बंध तुटला. पुढे शस्त्रकर्म झाले आणि दुकान तीन महिने धाकट्या भावाने सांभाळले. नंतर भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "डॉक्टर, डाव बरोबर आठवला हो, पाय मात्र साथीला आला नाही."

दोष त्यांचा नव्हता, वस्तादांचाही नव्हता. आम्ही 'काय शिकलेले आहे' हे विचारले, 'आज किती झेपते' हे तपासले नाही.

कौशल्य टिकते, बल टिकत नाही

पूर्वी शिकलेली क्रिया वर्षानुवर्षे विसरली जात नाही, थोड्या सरावाने ती परत येते. मांसधातूही काही आठवड्यांत प्रतिसाद देऊ लागतो. कंडरा, स्नायू व संधिबंध यांना मात्र पूर्वीचा भार सोसण्याइतके दृढ होण्यास कित्येक महिने लागतात. मन विशीचे, हात तिशीचे आणि गुडघा चव्वेचाळिशीचा, अशी ही स्थिती असते. नवख्या माणसाला हा धोका कमी असतो, कारण त्याला जोराचा डाव येतच नाही. परतणाऱ्याला तो येतो, म्हणून इजाही त्यालाच अधिक होते. टाचेवरची मोठी कंडरा अकस्मात तुटण्याचे प्रकार तीस ते पन्नास या वयात, अधूनमधून खेळणाऱ्या पुरुषांत विशेष आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे.

सुश्रुताचार्यांनी चाळिसाव्या वर्षापर्यंत धातू, इंद्रिये, बल व वीर्य यांची संपूर्णता आणि त्यानंतर सत्तरीपर्यंत किंचित परिहाणी सांगितली आहे. 'किंचित' हा शब्द महत्त्वाचा आहे. चाळिशीनंतर व्यायाम वर्ज्य नाही, पण पूर्वीचे माप आता लागू नाही. सात्म्यदेखील अभ्यासाने टिकते. वीस वर्षे अभ्यास सुटला की ते सात्म्य नावापुरते उरते.

चरकाचार्यांच्या दशविध परीक्षेत व्यायामशक्ती हा स्वतंत्र परीक्ष्य भाव आहे आणि तिचे अनुमान कर्मशक्तीवरून करावे, असे सांगितले आहे. म्हणजे ती विचारून नव्हे, काम करवून पाहायची. आम्ही आता चिकित्सालयातच तीन गोष्टी करवून घेतो. दोन मजले जिना चढून आल्यावर श्वास व नाडी किती वेळात स्थिरावते, जमिनीवर बसून हाताचा आधार न घेता उठता येते का, आणि एका पायावर किती वेळ उभे राहता येते. या तिन्हींना मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत.

त्यापूर्वी रक्तदाब मोजणे व रक्तशर्करा पाहणे आवश्यक आहे. श्रमाने छाती भरून येणे, असाधारण दम लागणे, चक्कर येणे किंवा घराण्यात अल्पवयात हृद्रोगाने मृत्यू असा इतिहास असल्यास प्रथम हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. बैठ्या माणसाने एकाएकी केलेला अतिश्रम हृदयविकाराच्या झटक्यास निमित्त होऊ शकतो. येथे आपला संकोच रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

निवडीसाठी तीन प्रश्न

कोणती कला श्रेष्ठ, या वादात वैद्याने पडू नये. पुढील तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : वेग कोणाच्या हाती आहे? वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यास शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने आणि अन्य काळी त्याहून अल्प व्यायाम सांगितला आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची वेळ येणे, हे बलार्धाचे लक्षण सुश्रुतात आहे. एकट्याने करावयाच्या सरावात हे लक्षण दिसताच थांबता येते. लढतीत थांबणे प्रतिस्पर्ध्याच्या हाती असते. जेथे वेग दुसऱ्याच्या हाती, तेथे अर्धशक्तीचा नियम पाळताच येत नाही.

दुसरा : पडणे व पिळवटणे किती आहे? जानुमर्म वैकल्यकर आहे आणि त्याच्या आघाताने खंजता येते. कूर्पर, अंस व अंसफलक हीही वैकल्यकर मर्मेच. ज्या कलेत पाय रोवून अंग फिरवावे लागते, तेथे जानुसंधीची परीक्षा आधी हवी.

तिसरा : त्या कलेचे भाग पाडता येतात का? संपूर्ण लढतीवाचून जिच्यात काहीच उरत नाही, ती कला परतणाऱ्यासाठी अवघड. जिच्यात तयारी, एकट्याचा सराव, जोडीचा ठरीव सराव आणि लढत अशा पायऱ्या आहेत, ती सोयीची.

काही कलांचा विचार

कुस्ती : बल, धारणा व श्वास यांचा उत्तम कस लागतो, पण वेग पूर्णतः दुसऱ्याच्या हाती. मानेवर व गुडघ्यावर भार मोठा. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब तत्काळ वाढतो, म्हणून अनियंत्रित रक्तदाबात व मधुमेहजन्य नेत्रविकारात ती टाळावी. परतणाऱ्याने जोर, बैठका, हौद्यातील माती उकरणे व ठरीव डावांचा सराव यांवर कित्येक महिने थांबावे. अंगाचा निकट संपर्क असल्याने दद्रूचा प्रसार होतो, तेव्हा सरावानंतर लगेच स्नान आणि स्वतंत्र पंचा हवा.

ज्यूदो : जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकानची स्थापना करून ही पद्धती घडविली. तिचा विशेष असा, की फेकण्याआधी पडायला शिकवले जाते. हे शिक्षण उतारवयातही उपयोगी पडते. आम्ही स्वतः महाविद्यालयीन काळात ज्यूदो केला होता. अठरा वर्षांनी परत गेलो तेव्हा पहिले दोन महिने केवळ पडण्याचा सराव केला. शेजारच्या गाद्यांवरील मुले हसत, पण मनगट व खांदा शाबूत राहिले. आज आम्ही ठरीव जोडीचा सराव करतो, मोकळी लढत करीत नाही. अस्थिक्षय असणाऱ्यांना व रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना मात्र फेकाफेकीची कला देऊ नये.

कराटे व तायक्वांदो : कराटेतील काता हा एकट्याचा ठरीव सराव असल्याने वेग स्वतःच्या हाती राहतो. परतणाऱ्यास तो फार सोयीचा. तायक्वांदोत उंच लाथा व उड्या यांचे प्राधान्य आहे, त्यामुळे कटी, वंक्षण व टाचेची कंडरा यांवर ताण येतो. आमच्याकडील एकेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिका शाळेत असताना कराटे शिकल्या होत्या. परतल्यावर उड्या मारताना लघवीचे थेंब जात, म्हणून त्यांनी महिन्यातच वर्ग सोडला. कारण कोणाला सांगितले नव्हते, आम्ही विचारल्यावर बोलल्या. प्रसूतीनंतर ही तक्रार पुष्कळ स्त्रियांना असते. योग्य व्यायामाने श्रोणितलाचे बल वाढविता येते. उड्या वगळून व काता ठेवून त्या आज नियमित जातात. हा प्रश्न स्त्री रुग्णास आपणहून विचारावा.

मुष्टियुद्ध : पिशवीवरील सराव चालेल. परंतु शिर हे त्रिमर्मांपैकी एक. चाळिशीनंतर डोक्यावर ठोसे घेण्याची परवानगी वैद्याने देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाठी व मर्दानी खेळ : पावले, मनगट व खांदे यांचा डौलदार व्यायाम होतो, भागही सहज पाडता येतात. गुडघा दुखावलेल्यास बेताची पावले ठेवून पुष्कळ काही करता येते.

ताई ची : मूळ चिनी युद्धकलाच, पण आज बहुधा संथ रूपात शिकविली जाते. वृद्ध व दुर्बल यांचा तोल सुधारण्यास उपयुक्त. ज्याला दीर्घ आजारानंतर परतायचे आहे, त्याने येथून आरंभ करण्यात कमीपणा मानू नये.

पादांशिक क्रम

चरकसंहितेच्या ज्या नवेगान्धारणीय अध्यायात व्यायामाचे गुण व अतिव्यायामाचे दोष येतात, त्याच अध्यायात अहिताचा त्याग व हिताचे सेवन पादांशाने करण्याचा क्रम आहे. वाग्भटांनी पादाचाही पाद, म्हणजे सोळावा भाग, हा विकल्प दिला आहे. हा क्रम आपण आहाराच्या व व्यसनाच्या बाबतीत वापरतो. व्यायामाकडे परतणाऱ्यासही तो तंतोतंत लागू पडतो, असा आमचा अनुभव आहे.

पूर्वीच्या सरावाचे माप लिहून घ्यावे व त्याचे चार पाद करावेत. पहिल्या पादात केवळ अंगाची तयारी, एक दिवसाआड. दुसऱ्यात एकट्याचा सराव. तिसऱ्यात ठरीव जोडीचा सराव. चौथ्यात, परीक्षेअंती योग्य वाटल्यास, मर्यादित लढत. प्रत्येक पादास आम्ही किमान सहा आठवडे देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा दुखत असेल, सुजला असेल किंवा झोप व भूक बिघडली असेल, तर मागील पादावर परत यावे. दुर्बलास सोळाव्या भागाने न्यावे. आरंभ हेमंतात, दिवाळीनंतर करावा. अजीर्णात व वातपित्तज व्याधींत व्यायाम टाळावा आणि व्यायामानंतर सुखकर मर्दन करावे.

चौथा पाद सर्वांनी गाठलाच पाहिजे असे नाही. तिसऱ्या पादावर आयुष्यभर राहणाराही आखाड्यातलाच असतो.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

असा मनुष्य वैद्याआधी पुष्कळदा आपल्या दुकानात येतो आणि तेल किंवा गुग्गुळ मागतो. देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : दुखणे केव्हापासून, सूज आहे का, आणि छातीत किंवा डाव्या हातात दुखते का. ताज्या इजेवर जोराचे मर्दन करू नये, हे सांगून तेल द्यावे. छातीचे दुखणे 'वाताचे' समजून तेलावर भागवू नये. असा मनुष्य ताबडतोब रुग्णालयात जाईल असे पाहावे. ताकदीच्या नावाने विकली जाणारी, घटक न छापलेली चूर्णे ठेवूच नयेत. त्यांत काय मिसळले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि अपाय झाल्यास बोट आपल्या शास्त्राकडे दाखवले जाते.

समारोप

ते दुकानदार आज पन्नाशीच्या जवळ आहेत. शस्त्रकर्मानंतर दीड वर्ष ते तालमीच्या रस्त्यानेही जात नव्हते. आम्ही त्यांना पादांशाने लाठीकडे नेले. आता ते त्याच तालमीत सकाळी लाठी फिरवतात आणि हौद्याच्या काठावर बसून लहान मुलांना पट कसा सोडवावा हे सांगतात. गुडघा पूर्ववत झालेला नाही. पहिल्या भेटीत आम्ही दहा मिनिटे अधिक दिली असती, तर कदाचित तो वाचला असता.

परतण्याची इच्छा हे सत्त्वबलाचे लक्षण आहे. तिला निषेधाने मारू नये आणि मोघम संमतीने धोक्यातही घालू नये. परीक्षा करून, माप देऊन, पाद ठरवून संमती द्यावी. वैद्यबंधु-भगिनींनी आपल्याकडील अशा रुग्णांचे अनुभव, विशेषतः फसलेले, पत्रिकेकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.